कोण कशासाठी रडलं

५ मार्च १९५३ च्या रात्री दहाच्या सुमारास स्टालिन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे युरी लेव्हितानने रेडिओवर ती बातमी वाचली. युद्धाच्या बातम्या याच आवाजात ऐकलेला तो देश मग रडला. मॉस्कोच्या रस्त्यांवर, शाळांच्या वर्गांत, कारखान्यांच्या आवारात लोक हमसून हमसून रडले. ‘भीतीपोटी केलेलं नाटक’ म्हणून आपण ते रडणं निकालात काढू पाहतो, पण ते इतकं सोपं नाही. १९३७ साली ज्यांच्या घरातला बाप मध्यरात्री उचलून नेला होता, त्यांच्यापैकीही कितीतरी जण मनापासून रडले. त्या दिवसांच्या आठवणी वाचताना मी दर वेळी इथेच अडतो.

येव्गेनिया गिन्झबुर्ग तेव्हा मगादानमध्ये हद्दपारीत होती. कझानमधली ही शिक्षिका आणि पत्रकार पक्षावर निष्ठा असलेली बाई होती. १९३७ साली तिला पकडलं, मग तुरुंग, मग कोलिमाच्या छावण्या. थोरला मुलगा लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला, तेव्हा ती त्याच्यापासून हजारो मैल दूर होती. रेडिओवरची बातमी ऐकून तिला हुंदके आवरेनात. ते स्टालिनसाठी नव्हते. गेली वीस वर्षं एकदम बाहेर पडत होती, असं तिनेच पुढे लिहिलं. त्याच दिवशी कझाकस्तानातल्या कोक-तेरेक गावात आठ वर्षांची शिक्षा भोगून नुकताच आलेला लेखक सोल्झेनित्सिन कर्ण्याखालच्या गर्दीत उभा होता. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या होत्या, बाया रडत होत्या. आतून आनंद उसळत असताना त्याला मात्र तोंड सुतकी ठेवावं लागलं. वरून पाहणाऱ्याला त्या दिवशी दोघंही शोकाकुल दिसली असती. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखता येणार नाही अशी वेळ एका अख्ख्या देशावर आणली गेली, आणि मला वाटतं त्या राजवटीने केलेल्या अनेक नुकसानांपैकी हे सर्वांत खोलवर गेलेलं आहे.

खुद्द स्टालिनलाही याची किंमत मोजावी लागली. १ मार्चला कुन्त्सेवोच्या बंगल्यात दुपार उलटली, तरी तो खोलीबाहेर आला नाही. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, असा पहारेकऱ्यांचा शिरस्ता होता. संध्याकाळी आत दिवा लागला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, पण नंतर पुन्हा सगळं सामसूम. रात्री उशिरा टपाल देण्याच्या निमित्ताने एकजण आत गेला, तेव्हा स्टालिन जमिनीवर पडलेला होता, कपडे ओले झालेले, वाचा गेलेली. डॉक्टर पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि आणायचे तरी कुठले डॉक्टर? १३ जानेवारीला ‘प्रावदा’ने जाहीर केलं होतं की, नामवंत डॉक्टरांच्या एका टोळीने पुढाऱ्यांना विष देण्याचा कट रचला आहे. त्यातले बहुतेक ज्यू होते. स्टालिनला वर्षानुवर्षं तपासणारे विनोग्रादोव्हही कोठडीत होते. विकृतिशास्त्रज्ञ याकोव्ह रापोपोर्ट यांच्या आठवणीत एक प्रसंग आहे. रोज कबुलीजबाबासाठी छळणारा तपास अधिकारी एके दिवशी अचानक वेगळ्याच सुरात बोलू लागला. ‘चेन-स्टोक्स श्वसन’ म्हणजे काय? अशा रोग्याच्या जगण्याची आशा किती? मॉस्कोत या विषयातले तज्ज्ञ कोण? रापोपोर्टनी नावं सांगितली. ती सगळी माणसं तुरुंगात होती.

मॉस्कोत अंत्यदर्शनासाठी लोटलेली गर्दी त्रुब्नाया चौकात ट्रकांच्या आणि भिंतींच्या मध्ये चेंगरली. कवी येव्गेनी येव्तुशेन्को तेव्हा विशीतला पोरगा होता आणि त्या गर्दीत होता. ट्रक हलवा म्हणून लोक ओरडत होते, आणि वरचा अधिकारी उत्तर देत होता की त्याला तसा हुकूम नाही. समोर माणसं गुदमरताहेत आणि माणूस हुकमाची वाट पाहतो आहे! किती मेले, ते सरकारने कधी सांगितलं नाही. स्टालिन गेला त्याच संध्याकाळी त्याच शहरात संगीतकार प्रोकोफिएव्हही गेला होता. सगळी फुलं स्टालिनकडे गेलेली. प्रोकोफिएव्हची पहिली बायको लीना तेव्हा छावणीत होती. तिला तो गेल्याचं कितीतरी महिन्यांनी कळलं.

त्या काळातलं रोजचं जगणं म्हणजे सामायिक बिऱ्हाड. एका फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत एक कुटुंब आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. दाराची घंटा किती वेळा वाजली, त्यावरून कोणाकडचा पाहुणा ते ओळखायचं. पातळ भिंतीपलीकडचा शेजारी काय ऐकेल आणि कुठे सांगेल याचा नेम नाही, म्हणून नवराबायको अंथरुणातही कुजबुजत. पकडलेल्या माणसाचा चेहरा घरातल्याच लोकांनी कात्रीने फोटोतून कापून टाकायचा, नाहीतर शाईने काळा करायचा. ही सवय स्टालिनबरोबर संपली नाही. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियाला गोळी घातल्यावर मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं आली. बेरियावरची पानं कात्रीने वा ब्लेडने कापून काढा आणि त्या जागी ही बेरिंग समुद्राची पानं चिकटवा, अशी सूचनाही सोबत होती. ज्यांच्या बापाला त्याच्या माणसांनी नेलं, त्यांनीही ती पानं कापली असतील. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आमच्याकडेही ५३ सालचा मार्च आहे. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि लाल बावट्याचे. खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी स्टालिनचा फोटो होता. ते त्या दिवशी रडले, असं वडील सांगायचे. मला त्यात काही खोटं दिसत नाही. १९४३ मध्ये अण्णाभाऊ साठ्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, तेव्हा गिरणगावाला ती लढाई आपली वाटली होती, आणि हिटलरचं सैन्य व्होल्गाकाठी अडलं हे खरंच होतं. दिल्लीत नेहरूंनी लोकसभेत श्रद्धांजली वाहिली. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, १७ फेब्रुवारीला, आपले राजदूत के. पी. एस. मेनन स्टालिनला भेटून आले होते. बोलता बोलता तो कागदावर लाल पेन्सिलीने लांडगे काढत होता, अशी नोंद त्यांनी केली आहे.

आजोबांच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. बारा-बारा तास राबणाऱ्याला जगात कुठेतरी कामगारांचं राज्य आहे, एवढ्या विश्वासावर तग धरता येत असेल, तर तो विश्वास त्याच्याकडून हिसकावणारा मी कोण? पण ज्यांच्यापर्यंत छावण्यांच्या बातम्या पोचत होत्या आणि ज्यांनी त्या दाबल्या, अशा शिकलेल्या पुढाऱ्यांना मी सोडणार नाही. २५ फेब्रुवारी १९५६ ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने बंद दारांआड स्टालिनच्या गुन्ह्यांवर भाषण केलं, ते हळूहळू जगभर फुटलं. त्यावर आजोबा घरात एक अक्षर बोलले नाहीत. १९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर स्टालिनचं शव लेनिनशेजारून हलवलं गेलं. पाठोपाठ स्टालिनग्राडचं व्होल्गोग्राड झालं. पोवाड्यातल्या शहराचं नावच नकाशावरून गेलं.

२७ मार्च १९५३ ला माफी जाहीर होऊन सुमारे बारा लाख कैदी सुटले, पण पाच वर्षांहून जास्त शिक्षा झालेले राजकीय कैदी आतच राहिले. डॉक्टर ४ एप्रिलला घरी आले. बाकीच्यांना पुढची दोन-तीन वर्षं लागली. कवयित्री आन्ना आख्मातोव्हा १९५६ मध्ये म्हणाली होती की आता दोन रशिया एकमेकींच्या डोळ्यांत पाहतील, तुरुंगात गेलेली आणि तुरुंगात पाठवणारी. पण पाठवणाऱ्यांवर मोठा खटला असा कधी चालला नाही. परतलेला कैदी आणि त्याच्याविरुद्ध सही करणारा एकाच दुकानाच्या रांगेत उभे राहिले.

त्या राजवटीत मारल्या गेलेल्यांची नावं गोळा करणारी ‘मेमोरियल’ ही संस्था बंद करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. २००७ पासून दर २९ ऑक्टोबरला लोक मॉस्कोत लुब्यान्का या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाजवळच्या सोलोव्हेत्स्की स्मारकशिळेपाशी रांग लावत. प्रत्येकजण कागदावरची नावं वाचायचा: माणूस, वय, धंदा, गोळी घातल्याची तारीख. पुष्कळजण शेवटी स्वतःच्या आजोबांचं नाव जोडत. २०२० पासून साथीचं कारण देऊन तिथली परवानगी नाकारली जाऊ लागली. लोक आता ती नावं घरून वाचतात, परदेशांतून वाचतात, कॅमेऱ्यासमोर वाचतात.