माशी, डॉट आणि आजोबांची बंदूक

"ताई, एक सल्ला हवाय. नाही म्हणू नकोस!"

रात्री साडेअकराला टेक्सासहून मामेभावाचा फोन. तिकडे लंच टाइम. अशा फोनचे विषय साधारण दोनच असतात, मुलगी नाहीतर घराचं लोन. म्हटलं, बोल. तर पठ्ठ्या म्हणतो, "हरणाच्या शिकारीला जातोय. रायफल नाही, हँडगन. .44 मॅग्नम घेतलीय. आता सांग, वर काय लावू? साधी साइट, रेड डॉट की स्कोप?"

मी गिरगावातल्या आमच्या गॅलरीत उभी. आत आई सीरियल बघतेय. तिच्या भाच्यानं बंदूक घेतलीय हे तिला कळलं असतं, तर तिनं त्याच रात्री ह्यूस्टनचं तिकीट काढलं असतं!

मला विचारण्याचं कारण असं की गेली तीन वर्षं मी दादरला एअर पिस्तूल शिकतेय. एका मासिकासाठी नेमबाजांवर फीचर करायला गेले आणि तिथेच चिकटले. फीचरचे पैसे आठ महिन्यांनी आले, पण पिस्तूल हातात राहिलं. दादर हा तसा नेमबाजीचा जुना पत्ता. अंजली भागवतनं इथल्याच कीर्ती कॉलेजात एनसीसीमधून पहिल्यांदा रायफल धरली आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली. आपण कुठले तिथे पोचायला! पण शनिवारी सकाळी चर्नी रोडहून स्लो ट्रेन पकडायची, साठ गोळ्या कागदावर मारायच्या आणि येताना वडापाव खायचा, एवढी चैन मी करते.

साइटचा फंडा मात्र तिथे पक्का झाला. आमच्या खेळात दुर्बीण चालत नाही, डॉट चालत नाही. मागे एक खाच, पुढे एक काडी, बस्स. खाचेच्या मधोमध काडी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. सोपं वाटतं ना? गोची अशी की मागची खाच, पुढची काडी आणि दहा मीटरवरचं टार्गेट ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि आपला डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सर एकच वाक्य घोकून घेतात, पुढची काडी स्पष्ट, टार्गेट धूसर. जिथे मारायचंय तेच धूसर ठेवायचं! हे पचायलाच मला सहा महिने लागले.

कागद आणि हरीण

मी भावाला गणित सांगितलं. तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या दोन साइट्समध्ये समज 25 सेंटिमीटर अंतर आहे. काडी फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी चार सेंटिमीटर चुकते. माझे मार्क गेले, विषय संपला. पण 50 मीटरवर तीच चूक 20 सेंटिमीटरची होते. आणि हरणाच्या खांद्यामागची जागा, जिथे काळीज आणि फुफ्फुसं असतात, ती सगळी मिळून जेवणाच्या छोट्या ताटाएवढी, साधारण 20 सेंटिमीटर. म्हणजे मध्यावर नेम धरून अर्धा मिलिमीटर चुकलास तरी ताटाच्या काठावर. त्यात हरीण उभं राहतं पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, तपकिरी झाडीत, तपकिरी अंगानं. तेव्हा काळी काडी काळ्या सावलीत शोधत बसशील.

"मग स्कोप घेतो ना! सरळ सातपट दिसेल."

इथेच सगळे फसतात. पहिली गोष्ट, रायफलचा स्कोप पिस्तुलावर चालतच नाही. रायफलला डोळा भिंगापासून तीन-चार इंचांवर असतो, पिस्तूल हात लांब करून धरतात. त्यामुळे हँडगनचे स्कोप वेगळे बनवतात, हातभर लांबूनही पूर्ण चित्र दिसेल असे. दुसरी गोष्ट, स्कोप हरणाला जवळ आणतो तसा तुझ्या हाताचा कंपही मोठा करून दाखवतो. सातपटीवर टेकू नसेल तर चित्र लोकलच्या दारातून पेपर वाचावा तसं हलतं. दिसतो तेवढा तुकडाही लहान, हरीण दोन पावलं सरकलं की शोधाशोध. बरं, .44 चा झटका असा की हलक्या प्रतीचा स्कोप किंवा ढिली पकड काही दिवसांत झीरो सोडते. स्कोप घ्यायचाच तर दोनपट, फार तर चारपट, आणि काठीचा किंवा झाडाचा टेकू घेऊनच.

राहिला रेड डॉट. काचेत एक लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे, नजर हरणावर, ठिपका जिथे तिथे नेम. काडी-खाच जुळवायची भानगड नाही. नवशिक्यासाठी मला तोच बरा वाटला. फक्त ठिपका बारीक घ्यायचा, कारण तीन एमओएचा ठिपका 100 यार्डांवर तीन इंच जागा झाकतो. संध्याकाळी त्याचा उजेड कमी करायचा, नाहीतर डोळे दिपतात. आणि खिशात जास्तीची बॅटरी!

एवढं सगळं फाडफाड बोलले आणि फोन ठेवल्यावर एकदम कसंतरी झालं. मी तीन वर्षांत कागदाशिवाय कशावरही नेम धरलेला नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे कधी पडलाच नव्हता. तिकडे ते कायदेशीर, परवाना, सीझन, कोर्स सगळं रीतसर. पण माझ्या सल्ल्यानं एक जिवंत जनावर मरणार होतं. किंवा त्याहून वाईट, अर्धवट मरणार होतं.

लालबागचा एक्स्पर्ट

रविवारी लालबागला मामाकडे गेले. आजोबा खिडकीशी बसलेले. वय सत्त्याऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आयुष्य परळच्या गिरणीत गेलं, पण गाव संगमेश्वर तालुक्यातलं आणि घरात ठासणीची बंदूक होती, एवढं ऐकून माहीत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉट, स्कोप, 25 सेंटिमीटर, ताट.

ते हसले. "आमच्या बंदुकीला नळीच्या टोकावर नुसती माशी होती, बाय. त्या माशीवरच सगळा कारभार."

माशी! पुढच्या साइटला इतका छान मराठी शब्द आहे आणि मी मास कॉमची डिग्री घेऊन 'फ्रंट साइट, फ्रंट साइट' करत बसले होते.

मग ते थांबून म्हणाले, "मे महिन्याच्या रजेत गावी गेलेलो. दिवेलागणीला भेकर दिसलं. लांब होतं, पण सोबत दोघं होते, त्यांच्यापुढे नाही कसं म्हणणार? बार काढला. लागलं. पण पडलं नाही. रक्त दिसत होतं पानांवर. रात्रभर बत्ती घेऊन फिरलो, दुसरा दिवस फिरलो. सापडलं नाही." खाली गणेश टॉकीजच्या बाजूनं हॉर्न वाजत होते. "त्यानंतर मी बंदूक धरली नाही. कायदा मागाहून आला. त्याला सांग, माशी कुठली ते नंतर. किती लांबचं मारायचं नाही, ते आधी ठरव."

त्या रात्री मीच फोन लावला. म्हटलं, रेड डॉट घे, पण एका अटीवर. कागदी प्लेट लाव. आधी 25 यार्ड, मग 35, मग 50. टेबलावर हात टेकून नाही, जंगलात जसा उभा राहशील तसा. प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या. ज्या अंतरावर दहाच्या दहा प्लेटमध्ये बसतात, ती तुझी हद्द. दहातल्या नऊ चालणार नाहीत. अंधार पडला, हरीण पळत असलं, मध्ये फांदी आली, तर हात खाली. सोबतचे हसले तरी.

"आणि ताई, 35 च्या पुढे नाहीच बसल्या तर?"

"तर पस्तीस."

त्याची हद्द 35 च निघाली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन उघडला. पहिल्या दिवशी 70 यार्डांवर उभं राहिलेलं हरीण त्यानं सोडलं, मित्रांनी भरपूर चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी पहाटे 30 यार्डांवर एक आलं. एक गोळी. वीसेक पावलं गेलं आणि पडलं. त्यानं फोटो पाठवला. मी तो दोन दिवस उघडला नाही. खरं सांगायचं तर अजून मला ठरवता येत नाही, त्यात अभिमान वाटावा असं काही आहे का.

आजोबांना मात्र सांगितलं. कुठली साइट लावली, किती लांबून मारलं, काही विचारलं नाही त्यांनी. चष्मा काढला, ऑपरेशन झालेला डोळा रुमालानं हलकेच टिपला आणि एवढंच विचारलं,

"सापडलं ना त्याला?"