तेल, तूप आणि पहाऱ्यावरच्या पेशी

मी प्रतिकारशास्त्राचा अभ्यासक आहे हे कळलं, की दिवाळीच्या तोंडावर एक प्रश्न हमखास येतो. फराळ कशात तळावा? करडईत, शेंगदाण्याच्या तेलात की तुपात? विचारणाऱ्याच्या मनात कोलेस्टेरॉल असतं. पण मी ज्या पेशींवर काम करतो, त्यांच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी खोल जाते. कोणता मेद आला आणि तेव्हा शरीराची अवस्था काय होती, याची दखल आपली उपजत प्रतिकारसंस्था घेत असते. त्यावर दाह पेटणं किंवा शमणं बऱ्याच अंशी अवलंबून असतं.

उपजत म्हणजे शिकवावी न लागणारी. मॅक्रोफेज या तिच्या पहारेकरी पेशी. जंतूंच्या अनेक जातींत सारख्याच आढळणाऱ्या खुणा त्या जन्मापासून ओळखतात. ही ओळख पटवणाऱ्या ‘टोल’ ग्राहींचा शोध फळमाशीपासून सुरू झाला. माशीच्या बुरशीविरुद्धच्या लढ्यात टोल लागतो, हे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवलं. अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये उंदरांत टीएलआर-४ हा टोलसारखा ग्राही जिवाणूंचं अंतर्विष ओळखतो हे सिद्ध केलं. दोघांनाही २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मेदाचा संबंध इथेच येतो. अंतर्विषाचा विखारी भाग स्वतःच मेदयुक्त असतो. ई. कोलाय जिवाणूच्या अंतर्विषात या भागाला संपृक्त मेदाम्लांच्या सहा शेपट्या असतात. मग आहारातल्या संपृक्त मेदालाही हा ग्राही जंतू समजत असेल का? २००१ मध्ये अमेरिकेत डॅनियल ह्वांग यांच्या गटाने पेशींवरच्या प्रयोगांतून तसंच सुचवलं. संपृक्त मेदाम्लांनी दाहाची यंत्रणा सुरू झाली, असंपृक्तांनी ती दबली. ही मांडणी इतकी नेटकी होती, की ती पाठ्यपुस्तकी सत्यासारखी पसरली.

शंका निघाली ती प्रयोगाच्या तपशिलातून. पामिटिक आम्ल हे संपृक्त मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेशींना देताना ते अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधावं लागतं. त्या अल्ब्युमिनमध्येच अंतर्विषाचा अंश असला, तर दाह कोणामुळे झाला हे कसं ठरवणार? मॅक्रोफेज जागी व्हायला अंतर्विषाची अत्यल्प मात्रा पुरते. अखेर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रॅम लँकेस्टर आणि मार्क फेब्रायो यांच्या गटाने दाखवलं, की पामिटिक आम्ल टीएलआर-४ ला चिकटत नाही. तरीही हा ग्राही नसलेल्या पेशींत पामिटिक आम्लाने दाह होत नाही. याचं कारण असं, की या ग्राहीमार्फत आधी इशारा मिळालेल्या पेशीचा चयापचय बदलतो. त्यानंतर तेच मेदाम्ल तिच्यात दाह पेटवतं.

माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. मेद एकटा गुन्हेगार नसतो. पेशी आधीच सावध झालेली असेल, तर तो आगीत तेल ओततो.

सावध करणारी कारणं मात्र रोजच्या जगण्यातली आहेत. पात्रीस कानी यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की अतिमेद आहारावरच्या उंदरांच्या रक्तात अंतर्विषाचं प्रमाण दोन ते तीन पट होतं. आतड्यातल्या जिवाणूंचं अंतर्विष मेदकणांबरोबर रक्तात शिरू शकतं. दुसरं कारण म्हणजे वाढलेली चरबी. स्थूल शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज गर्दी करतात, हे २००३ पासून माहीत आहे. आपल्याला हे अधिक लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के निघाली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली ही तुलना सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाने विसरू नये.

सावध पेशीत शिरलेलं जादा पामिटिक आम्ल तिच्या पटलांत आणि सेरामाइडसारख्या मेदांत जाऊन बसतं. पेशीवर ताण येतो, एनएलआरपी-३ नावाचा प्रथिनसमूह जुळतो आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप बाहेर पडतो. याचा हृदयाशी संबंध काय? २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘कॅन्टोस’ चाचणीत दहा हजारांहून अधिक हृदयरुग्ण होते. हाच निरोप अडवणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल न घटवताही पुन्हा येणारे हृदयविकाराचे झटके कमी केले.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. पामतेलात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के असतं. पण जादा साखर आणि मैदा खाल्ला, तर आपलं यकृतही तेच आम्ल तयार करतं. त्यामुळे तेल बदलून गोड तसंच चालू ठेवण्यात फारसा अर्थ नाही. करडई-सूर्यफुलातल्या ओमेगा-६ मुळे दाह वाढतो असं सांगितलं जातं. त्यापासून दाहकारक रेणू बनतात हे खरं, पण माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांत लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ मेदाम्ल वाढवल्याने दाहाचे निर्देशांक वाढलेले दिसले नाहीत. बांगडा, तारली यांतल्या ओमेगा-३ पासून दाह आवरता घेणारे ‘रिझॉल्विन’ रेणू बनतात; बोस्टनच्या चार्ल्स सेरहान यांनी ते शोधले. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशांतल्या प्रकारात बदलतं. तरी शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज असावी. ट्रान्स मेदाला मात्र कोणतीही सवलत नको. भारतात तेला-तुपातली त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, पण तेच तेल पुन्हापुन्हा कढवण्याची सवय आपणच मोडायला हवी.

एखाद्या तेलाला अमृत किंवा विष ठरवणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच माझा विश्वास नाही. तेलाची निवड महत्त्वाची आहेच, पण त्याआधी पेशींना सतत सावध ठेवणारी कारणं दूर करायला हवीत. पोटाचा घेर, तंबाखू, हिरड्यांचं दुखणं, आहारात तंतूंचा अभाव आणि बैठं आयुष्य ही त्यांतली मुख्य. यांतलं एकेक कमी केलं, की ताटातला मेद पेलणं शरीराला सोपं जातं.