हत्ती तोलणारी नाव

2023 च्या ऑगस्टात बर्मिंगहॅमहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, काही बोलू नकोस, नुसतं बघ," म्हणाली आणि फोन बाहेरच्या बाजूला वळवला. अरुंद कालवा, दोन्ही काठांना विटांच्या जुन्या इमारती आणि पाण्यात एकामागे एक लागलेल्या लांबट बोटी. रुंदीला जेमतेम सात फूट, लांबीला मात्र आगगाडीच्या डब्यासारख्या. टपावर फुलांच्या कुंड्या, कडेला फलक, मधूनच भोंग्यांचा एकच कल्लोळ. मला वाटलं, जत्रा असेल. भाची म्हणाली, "जत्रा नाही गं, निषेध आहे. कालव्यांचे पैसे कापतायत."

इंग्लंड-वेल्समधले सुमारे 3200 किलोमीटरचे कालवे आणि नद्या एक धर्मादाय संस्था सांभाळते. सरकार तिला अनुदान देतं. 2027 नंतरच्या दहा वर्षांत ते दरवर्षी पाच टक्क्यांनी घटवायचं, असं 2023 च्या जुलैत जाहीर झालं होतं. कालव्यांची दारं, बांध, पूल दोनशे वर्षांचे. डागडुजी थांबली तर पाणी आधी गळेल आणि मग आटेल. म्हणून बोटवाले आपापली बोट घेऊन शहराच्या मधोमध जमले होते. पुढे नोव्हेंबरात लंडनला थेम्समध्ये थेट संसदेसमोरून बोटी गेल्या. घोड्यांनी ओढलेल्या बोटींतून कोळसा वाहायला खोदलेले हे कालवे. कोळसा गेला, घोडे गेले, तरी लोकांनी पाणी आणि बोटी सोडल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. समोर टँकर उभा होता. आमच्या सोसायटीत रोज येतो तोच.

मी पुण्याजवळच्या वाघोलीची. लग्न होऊनही वाघोलीतच राहिले. आमचं गाव नदीकाठचं नाही. गावाला वाघेश्वराचं देऊळ आहे, तळं आहे, पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. नद्या मात्र दोन्ही अंगांना, दक्षिणेला मुळा-मुठा आणि उत्तरेला भीमा. लहानपणी घरात कुणी "नदीवर जाऊन येतो" म्हणालं, की आजी विचारायची, "कंच्या?"

आजीची नदी दक्षिणेची. कारण पलीकडे थेऊर, थेऊरला चिंतामणी. चतुर्थीला पहाटे केसनंदवरून कोलवडीच्या बाजूला चालत निघायचं. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. थेऊरला नदी वळसा घालते, त्या वळणात पाणी खोल, त्यामुळे पाऊस सरून दोन महिने झाले तरी नाव लागायची. सपाट बुडाची, डांबर फासलेली, आत एक गंजका डबा ठेवलेला. तो डबा फळ्यांमधून झिरपलेलं पाणी उपसायला. वल्ह्यापेक्षा नावाडीतात्यांचा भर लांब बांबूवर. बांबू तळाला टेकवायचे, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचे आणि नाव जराशी कुरकुरून पुढे सरकायची. "मधी बसा, आक्का. पोरीला धरा. कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई." शेळ्यांनाही हाच हुकूम. ज्वारीचं पोतं असलं तर ते बरोबर मध्यावर.

परक्या माणसाकडून तात्या नाणं घ्यायचे. आमच्याकडून कधी घेतलं नाही. सुगी झाली की ते किंवा त्यांचा मुलगा खळ्यावर यायचा आणि आजोबा त्याच्या उपरण्यात दोन पायल्या ज्वारी मोजून घालायचे. वर्षभराच्या जाण्यायेण्याचा तो हिशेब. मोठी झाल्यावर कळलं, की होडीनं नदी ओलांडायच्या या जागांना 'तर' म्हणत, आणि त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यात 1868 साली कायदा झाला होता. म्हणजे सरकारदरबारी नावेची मोजदाद होती. मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की मधल्या धारेत आजी तांब्या बुडवायची. पाणी वर धरून बघायची. तळ दिसला की मान हलवायची आणि तेच पाणी नेऊन चिंतामणीपुढे ठेवायची. उतरताना नावेच्या काठाला हात लावून तो कपाळाला न्यायची. एसटीतून उतरताना आपण असा हात लावत नाही.

पूल झाले, त्याचं मला मुळीच दुःख नाही. रात्री अडलेल्या बाळंतिणीला पलीकडे न्यायला नावेची वाट बघणं काय असतं, हे आजीनं सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज बसायचा. पूल हवेच होते. पण पूल झाला त्या दिवसापासून पाण्याकडे बघणारं माणूस काठावर उरलं नाही. तात्यांना नदीचा कण न् कण ठाऊक होता. कुठे गाळ साचलाय, कुठे भोवरा बसतो, वरून पाणी किती सुटलंय, पाण्याला आज कसला वास येतोय. पुलावरून जाणाऱ्याला यातलं काही ठाऊक असावं लागत नाही.

उत्तरेची नदी आजोबांची. फुलगावच्या पुढे तुळापूर, भीमा आणि इंद्रायणीचा संगम. शंभूराजांची ही जागा, आजोबा तिथे पायातल्या वहाणा लांबच काढायचे. मग घाटावर बसून आम्हाला हत्तीची गोष्ट सांगायचे. 1633 साली आदिलशाहीतल्या मुरार जगदेवांनी इथे तुला करायची ठरवली. हत्तीच्या वजनाइतकं दान द्यायचं. पण हत्ती तोलायचा कशात? शहाजीराजांनी युक्ती सुचवली, असं सांगतात. हत्तीला नावेत चढवा. नाव पाण्यात जिथवर बुडेल तिथे खूण करा. हत्ती उतरवा, खुणेपर्यंत दगड भरा आणि मग ते दगड तोला. गावाचं आधीचं नाव नागरगाव. या तुलेनंतर ते तुळापूर झालं. आजोबांना शहाजीराजांच्या हुशारीचं कौतुक, मला नावेचं. हत्ती पेलणारी नाव आमच्या भीमेत होती!

शहरातल्या बोटी मी पाहिल्या त्या थोरल्या भावामुळे. तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता आणि मार्चमध्ये तिथे रिगाटा असायचा. 1928 पासूनची परंपरा. मुळा आणि मुठेच्या संगमाजवळच्या काठावर दाटीवाटीनं बसलेली पुणेरी गर्दी, पाण्यात बोटींचा बाण तयार व्हायचा, कयाकचं नृत्य व्हायचं, अंधार पडला की मशाली पेटायच्या आणि प्रत्येक मशाल पाण्यात दुसरी दिसायची. आई म्हणाली होती, "बाई, आपली नदी एवढी देखणी?" आजही ती मुलं रिगाटा करतात, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण उन्हाळ्याच्या तोंडाला जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला, की वल्हं आत जात नाही. आणि त्या पाण्याला हात लावायला आता कुणी सांगणार नाही.

शहराचं तेच पाणी आमच्या दक्षिणेच्या अंगानं पुढे थेऊरला जातं. 2016 च्या जानेवारीत नदी स्वच्छ करायला जपानच्या कर्जाचा करार झाला. 990 कोटींचा प्रकल्प, मैलापाणी शुद्धीकरणाची अकरा केंद्रं. त्याला बरीच वर्षं झाली. थेऊरच्या पुलावर गाडीची काच खाली केली की नदी आजही नाकाला आधी कळते.

वाघोलीत ज्वारीच्या जागी मनोरे उभे राहिले. खाणींची धूळ, नगर रस्त्याची कोंडी हे रोजचंच. 30 जून 2021 ला आम्ही पुणे महापालिकेत गेलो. तरी घराघरात प्रश्न एकच, टँकर आला का? दोन नद्यांमधलं गाव.

बर्मिंगहॅमच्या त्या बोटींच्या आधी साडेतीन महिने, 29 एप्रिल 2023 ला, पुणेकरही नदीसाठी बाहेर पडले होते. नदीकाठ सुधारणेत झाडं जाणार म्हणून संभाजी उद्यानापाशी 'चलो चिपको' झालं. मी नातवाला घेऊन गेले होते. गाणी, मुलांनी रंगवलेली चित्रं, झाडाला मिठी मारलेली म्हातारी माणसं. पोटातून आलेलं होतं ते सगळं. पण आम्ही सगळे रस्त्यावर होतो. नदीसाठी मोर्चा आणि नदीत एकही माणूस नाही. भाचीच्या फोनमध्ये त्या बोटी बघताना मला हेच टोचलं. त्यांचे पैसे कापले जातायत हे त्यांना कळलं, कारण ते रोज त्या पाण्यावर राहतात. आपल्याकडे तरीची नाव गेली, नावाडी गेले, त्यांचं मोजमाप गेलं, तेव्हा कोण कुठे जमणार होतं? नावा घेऊन निषेधाला यायचं तर आधी नावा हव्यात.

कागदावर मात्र नावांना वाट आहे. 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले. कर्नाटक-तेलंगणातला भीमेचा पट्टाही त्या यादीत आहे. आमच्या दोन्ही नद्यांचं पाणी पुढे एक होऊन उजनीत साठतं. तिथे माणसं अजून नावेनं ये-जा करतात, हौसेनं नव्हे, रस्त्याचा वळसा फार लांबचा म्हणून. 21 मे 2024 ला कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात नाव उलटली. सहा जण गेले. ती बातमी वाचताना मला तात्यांचा आवाज ऐकू आला, "कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई." त्या पाण्यावर पूल होईलच, व्हायलाच हवा. तोवर धड नाव, अंगात जाकीट आणि वाऱ्याचा अंदाज सांगणारा एक माणूस, एवढ्याला किती पैसे लागतात?

परवा नातवाला तुळापूरला नेलं. तिथे हौशी लोकांना संगमात फिरवून आणणारी होडी असते. नावाडी तरुण पोरगा, इंजिन लावलेलं. त्यानं मधे नेऊन इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. इंद्रायणीच्या अंगानं पांढरा फेस तरंगत येत होता. मी नातवाला हत्तीची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "आजी, पण खूण कुठे केली?"

मी वाकून होडीच्या बाहेरच्या फळीवर, पाणी टेकलं होतं तिथे, बोट ठेवलं. "इथे." बोट वर घेतलं तर त्याला काळा, चिकट थर लागला होता. पदराला पुसला. पोरग्यानं काही न बोलता सीटखालून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या हातावर धरली.