धार आणि पाणी

बोथट सुरीसारखा लबाड नोकर दुसरा नाही. सांगितलेले काम ती करीत नाही, आणि न सांगितलेले चोख करते. धारदार सुरी ठेवाल तिथेच उतरते. बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि अंगठा गाठते.

पूर्वी आमच्या आळीत धारवाला येई. सायकल स्टँडवर उभी करून तो पायडल मारी, आणि कोरड्या दगडावर पाते टेकताच ठिणग्यांचा फवारा उडे. दिवाळीआधी मुलांना तेवढीच फुकटची फुलबाजी! अलीकडे त्याची हाक महिनोन् महिने ऐकू येत नाही. इकडे आईच्या हातापायांचे सांधे धरले. जमिनीवर बसवत नाही, म्हणून विळी सुटली. आणि बोथट सुरीला लागणारा जोर मनगटात उरला नाही. "आजची भाजी तूच चीर रे," असे तिने दोन-तीनदा म्हटले, तेव्हा मी पाण्यातल्या दगडाचे, विजेवर चालणारे यंत्र घरी आणले.

स्वीडनच्या टॉर्मेक कंपनीचा जन्म १९७३ चा. तिची यंत्रे नावाजलेली, पण मास्तराच्या खिशाला जड. त्याच धर्तीची स्वस्त यंत्रे आता निघाली आहेत, माझे त्यांपैकीच. २०० मिलिमीटर व्यासाचा जाड दगड, त्याच्याखाली पाण्याची कुंडी, दुसऱ्या टोकाला कातड्याचे चाक. पहिल्या दिवशी कुंडी भरली, तर दगडाने पाणी पिऊन टाकले; पुन्हा भरावी लागली. हा दगड कृत्रिम कुरुंदाचा. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळमधल्या कुरुंदमवरून गेलेला. तेव्हा परदेशी यंत्रातला हा पाहुणा नावाने तरी आपल्याकडचाच.

कारखान्यातला कोरडा दगड मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. हा जेमतेम १२०. पाहणाऱ्याला वाटावे, विजेचा दाब कमी झाला की काय! पाते दगडाशी १५ ते २० अंशांत टेकवायचे आणि मुठीपासून टोकापर्यंत सावकाश ओढायचे. दाबायचे नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी बारीक कड उठते. दगड थेट काठापर्यंत पोचल्याची ती खूण. मग बाजू बदलायची, आणि शेवटी कातड्यावर ती कड घालवायची.

तुम्ही म्हणाल, एवढा संथपणा कशाला? लोहार तापलेले पाते बुडवून कठीण करतो, त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. कोरड्या, वेगवान दगडावर पात्याचा पातळ काठ क्षणात तापतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलाद निळे पडते, आणि तिथले पाणी उतरलेले असते. गंमत ही, की तशा पात्यालाही धार येते. टिकत मात्र नाही. ओला दगड पाते तापूच देत नाही.

वर्गात मला हे फार आठवते. दहावीची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांच्या चाकावर धरलेली असतात. ठिणग्या झकास उडतात, गुणही मिळतात. निकालानंतर रस्त्यात भेटलेल्या एका हुशार मुलाला मी विचारले, "हल्ली काय वाचतोस?" तो म्हणाला, "सर, आता काही वाचायचे नाही." गुण भरघोस होते; पाणी उतरले होते.

यंदा चिवड्याच्या सुक्या खोबऱ्याचे काप आईने स्वतः केले, कागदासारखे पातळ. मला सुरीला हात लावू दिला नाही.

काम झाले की मी कुंडी रिकामी करतो. तळाशी करडा गाळ बसलेला असतो. तो मोरीत ओतू नये, मोरी तुंबते. कागदावर वाळवून टाकावा. त्या गाळात थोडी सुरी असते आणि थोडा दगड. धार लावताना दोघेही झिजतात.