वीस रुपयांचा हिशोब



"तुमचे कोणते पैसे वाया गेले असे वाटते?" हा प्रश्न मी यंदा बऱ्याच जणांना विचारला. पालक सभेला आलेल्यांना, आठवडी बाजारात भेटलेल्या ओळखीच्यांना, आपल्या शिक्षक मंडळींनाही. उत्तरे पटापट आली. लग्नात लावलेला डीजे. हप्ते संपायच्या आत बिघडलेला मोबाईल. गरज नसताना घेतलेली मोटारसायकल. खर्रा मात्र कोणीच म्हटले नाही. आणि उत्तर देताना निम्म्या लोकांच्या गालात तोच होता!

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटायचा, की झाला खर्रा. चंद्रपूर-गडचिरोलीत पानठेला नाही असे गाव शोधावे लागेल. जिवती तालुका माणिकगड पहाडावरचा, तेलंगणाच्या सीमेवरचा. इथे गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि मराठवाड्यातून आलेल्यांची मराठी अशा कितीतरी बोली ऐकू येतात. पण पाहुण्यापुढे खर्रा धरायची रीत सगळ्यांची एकच.

मग याचा पश्चात्ताप का होत नाही? मला वाटते, माणसाला पश्चात्ताप होतो तो ठोक रकमेचा. डीजेचे पैसे एकदम मोजून दिलेले असतात, ते डोळ्यांसमोर राहतात. रोज खिशातून जाणारे वीस रुपये मात्र कधीच एकत्र दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याची हळहळ कशी वाटणार? ते दाखवायचे काम गुणाकार करतो. आणि गुणाकार शिकवायचे काम तर आपलेच आहे.

हे मला सुचले दुसरीच्या वर्गात. 'पैसे' हा घटक चालू होता. मुलांना कागदी नोटा दिल्या आणि दुकान मांडायला सांगितले. कोणी किराणा मांडला, कोणी भाजी. दोघांनी पानठेला मांडला. पाटीवर पन्नी ठेवून त्यात माती घातली आणि हुबेहूब घोटायला लागले. वर गिऱ्हाइकाला विचारतात, "कडक पाहिजे का साधा?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण विचार केला तर आपल्या गावातल्या कित्येक मुलांच्या आयुष्यातली पहिली खरेदी हीच असते. "जा, एक खर्रा घेऊन ये." हातात नोट, परत आलेले सुटे पैसे मोजायचे. व्यवहार शिकवणारा पहिला गुरू पानठेलेवाला!

म्हणून चौथीच्या वर्गात मी हा हिशोब घेतला. तुम्हीही घेऊ शकता. फळ्यावर लिहिले : एक माणूस आहे. तो रोज तीन खर्रे खातो. समजा एक खर्रा वीस रुपयांचा.

दिवसाचे : २० × ३ = ६० रुपये
महिन्याचे : ६० × ३० = १,८०० रुपये
वर्षाचे : ६० × ३६५ = २१,९०० रुपये

एकवीस हजार नऊशे. ही संख्या मुलांना वाचता आली, पण ती किती मोठी ते कळले नाही. तेव्हा ती त्यांच्या ओळखीच्या मापात आणली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे त्या माणसाचा २ क्विंटल ७० किलो कापूस वर्षभरात पन्नीत घोटला गेला. व्यापाऱ्याने भाव कमी दिला तर त्याहून जास्त.

पुढचे गणित मजुरीचे. समजा कापूस वेचायला किलोमागे दहा रुपये मिळतात. २१,९०० रुपयांसाठी २,१९० किलो कापूस वेचावा लागेल. रोज चाळीस किलो वेचला तर जवळपास ५५ दिवस. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मंग आमची माय वेचते ते सारं यातच जाते का?"

वर्ग गप्प झाला.

इथेच आपल्याला जपायचे आहे. मी तिला सांगितले, "हा फळ्यावरच्या माणसाचा हिशोब आहे बेटा, कोणाच्या घरचा नाही." हा उपक्रम घेताना 'घरी कोण किती खर्रे खाते ते लिहून आणा' असा गृहपाठ कृपा करून देऊ नका. लेकराने बापाचा हिशोब शाळेत मांडला तर त्याचा मार लेकरालाच बसेल. उपदेश नको, शपथही नको. कारण खाणारा माणूस बेफिकीर असतो असे नाही. तंबाखूतले निकोटिन सवय लावते. उन्हात राबताना खर्रा भूक मारतो, थकवा विसरवतो. खाणाऱ्या बायाही काही कमी नाहीत.

बंदीचेही आपण पाहिले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. वरून आलेला हुकूम येतो नि जातो. स्वतः केलेला हिशोब मात्र डोक्यातून लवकर जात नाही.

हे फक्त पैशाचे असते तर मी एवढे लिहिलेही नसते. तंबाखूने कर्करोग होतो हे सगळे जाणतात. पण "आमचा पोरगा नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी ऐकावे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठर होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. एकावर एक अशी तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर दवाखान्यात दाखवा. तेव्हा जो खर्च लागतो तो मात्र ठोक असतो, आणि त्याची हळहळ सगळ्या घराला लागते.

पालकहो, तुम्ही आजच खर्रा सोडा असे मी म्हणत नाही. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. माझी विनंती एवढीच, की लेकराला खर्रा आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणेही. लेकराच्या हातात नोट द्यायचीच असेल तर मीठ आणायला द्या, पेन आणायला द्या. तोही व्यवहारच आहे, आणि सुटे पैसे तितकेच मोजता येतात.