डॉक्टरांचा अंगठा

पन्नाशी उलटल्यावर मी स्वतःसाठी निन्टेन्डो स्विच घेतला. वजन साधारण ४०० ग्रॅम. दवाखाना बंद केल्यावर ‘पंधरा मिनिटं’ म्हणून बसायचो, दीड तास जायचा. मजा येते, कबूल करतो!

दहाव्या दिवशी पेशंटला बीपीचा पट्टा बांधताना अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. तुम्हीही करून पाहा: अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या बाजूने मनगटात जोराची कळ आली, तर तिथल्या कंडरांचं आवरण सुजलेलं असू शकतं. हा ‘डी क्वेरव्हेन’चा आजार. बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हमखास होतो. गेममुळे अंगठा दुखला, तर त्याला १९९० साली एका डॉक्टरने चक्क ‘निन्टेन्डिनायटिस’ म्हटलं होतं.

उपाय साधा: विश्रांती, बर्फाचा शेक, अंगठ्याचा पट्टा. दोन आठवड्यांत उतार नसेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर दाखवून घ्या.

सारसोळ्यातल्या मासळी साफ करणाऱ्या मावशींना मी वर्षानुवर्षं हेच सांगतो. त्या विचारतात, “मग धंदा कोण करील, डॉक्टर?” माझ्याकडे तर तेही कारण नव्हतं.

सध्या गेमचा चार्जर हिच्या कपाटात आहे.