आई बसल्यावरचं माप

बाबांच्या बुलेटला साइडकार आहे. कंबर धरल्यापासून आईला मागे बसवत नाही. साइडकारमधून एकदा रामटेकला जायचं, एवढाच तिचा हट्ट. पण दर खड्ड्यात बुलेटचं मागचं खाली आपटायचं.

आधी मी प्रीलोड वाढवला. त्याने उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. हे इंजिनीअरिंगला शिकलो होतो, हातात पाना आल्यावर विसरलो. मग कडक स्प्रिंगचे शॉकअप बसवले. मागचं वर आलं, बुलेट साइडकारकडे कलली आणि डावीकडे ओढू लागली. बाबा काही बोलले नाहीत. चावी खिळ्याला टांगली, ती तीन आठवडे.

शेवटी लकडगंजातल्या मिस्त्रींकडे गेलो. शेजारच्या आरा मशीनवरून त्यांनी दोन सरळ पट्ट्या मागवल्या. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी साइडकारच्या चाकाला. पट्ट्यांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे किंचित कमी हवं, आणि बुलेट उजवीकडे जराशी झुकलेली. मी टेप काढला.

"काकूले बसवा न पहिले."

मी सगळी मापं रिकाम्या गाडीवर घेतली होती. रिकाम्या डेटावर टेस्ट करणाऱ्यांना ऑफिसात शिव्या घालणारा मीच!

बाबांना सीटवर बसवलं, आई पर्स मांडीवर घेऊन साइडकारमध्ये. भर रस्त्यात, लाकडाच्या भुशात, दोन तास. मिस्त्री ओळंबा धरून नट फिरवत होते.

"हलू का?" तिने चारदा विचारलं.

काल वर्धमाननगरपर्यंत जाऊन आले दोघं. आल्यावर बाबांनी चावी खिशातच ठेवली.